मुठीतला गोळा आणि पंधरा मीटरचा महाल: जपानचे हिमोत्सव समजून घेऊया

फेब्रुवारी लागला की मोबाइलवर ते फोटो फिरायला लागतात. बर्फाचा राजवाडा, त्याच्या खांबांवर नक्षी, कमानीत शिल्पं, समोर मुंगीएवढी दिसणारी माणसं. खाली कुणीतरी लिहितं, ‘जपानमधला बर्फाचा उत्सव.’ मग प्रश्न सुरू होतात. एवढी मोठी वास्तू नुसत्या बर्फाची कशी उभी राहते? आत लोखंडी सांगाडा असेल का? ऊन पडल्यावर वितळत नाही? आठवडाभरात पाडायचीच असेल तर महिनाभर मरमर करून बांधायची कशाला?

यातली बरीचशी उत्तरं आपल्या ओळखीच्या गोष्टींमध्येच सापडतात. उन्हाळ्यात कोपऱ्यावर उभा असतो तो गोळेवाला, आपला सह्याद्री आणि घरातली गोधडी, एवढ्यावर विषयाचा मोठा भाग उलगडतो. सुरुवात मात्र एका शब्दापासून करावी लागेल, कारण तिथेच आपली मराठी आपल्याला थोडी अडवते.

एकच शब्द, दोन पदार्थ

आकाशातून भुरभुरत पडतो तोही आपल्यासाठी बर्फ आणि फ्रीजच्या ट्रेमधून निघतो तोही बर्फच. जपानीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. आकाशातून पडतं ते ‘युकी’ आणि पाणी गोठून होतं ते ‘कोरी’. या लेखात पहिल्याला हिम म्हणू, दुसऱ्याला बर्फ. फरक नुसता नावाचा नाही, कारण दोन्हींपासून मूर्ती घडवण्याची तंत्रं अगदी वेगळी आहेत.

गोळेवाल्याची गाडी आठवा. पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी असते, काचेसारखी. ती तो किसतो आणि खाली जो कीस पडतो तो पांढराशुभ्र असतो. पदार्थ तोच, मग रंग कुठून आला? लादी सलग असते, त्यामुळे प्रकाश आरपार जातो. किसात लाखो बारीक कण आणि त्यांच्यामध्ये हवा असते. प्रकाश प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर आपटून इकडेतिकडे विखुरतो आणि सगळे रंग मिसळून आपल्याला पांढरा दिसतो. हिम म्हणजे निसर्गानेच किसलेला बर्फ. ताज्या हिमात तर हवाच जास्त असते. एक घनमीटर बर्फाचं वजन ९१७ किलोच्या आसपास भरतं. तेवढ्याच जागेत ताजं भुरभुरीत हिम असेल तर ते जेमतेम ५० ते १०० किलो भरतं. म्हणजे दहातले नऊ भाग किंवा त्याहूनही जास्त हवा. हा हवेचा हिशेब पुढे पुन्हा लागणार आहे.

टोकियोत ऊन आणि डोंगरापलीकडे घरं गाडली जातात, हे कसं?

जपान थंड देश, म्हणून तिथे हिम पडतं, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. जानेवारीत टोकियोत बहुतेक दिवस निळंभोर आकाश आणि कोरडी हवा असते. मधला डोंगर ओलांडून पश्चिमेला निइगाता प्रांतात उतरलं, की हिम माणसाच्या डोक्याच्या वर साचलेलं दिसतं. त्या प्रांतातलं तोकामाची हे गाव ३७ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे श्रीनगरच्या थोडं उत्तरेला. उंचीने मात्र श्रीनगरच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं खाली. तरीही ते जगातल्या सर्वांत जास्त हिम पडणाऱ्या वस्त्यांमध्ये मोडतं.

कारण समजायला आपला पावसाळा पुरेसा आहे. अरबी समुद्रावरून वारे बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. महाबळेश्वर भिजून चिंब होतं आणि घाट उतरून पूर्वेला फलटणकडे जावं तर लोक ढगांकडे डोळे लावून बसलेले. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात नेमका हाच खेळ होतो. फरक इतकाच की तिथे पावसाऐवजी हिम पडतं.

हिवाळ्यात सायबेरियावरून हाडं गोठवणारे कोरडे वारे सुटतात. वाटेत त्यांना जपानचा समुद्र ओलांडावा लागतो. या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो. गार वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून जातो तेव्हा पाण्याची वाफ भराभर उचलतो. हिवाळ्याच्या पहाटे तळ्यावर धुकं तरंगताना आपण पाहतो, तोच प्रकार अख्ख्या समुद्रभर. ढग तयार होतात, किनारा ओलांडतात, डोंगराला भिडतात आणि रिकामे होतात. डोंगर ओलांडून वारा टोकियोकडे जातो तेव्हा त्यात काही उरलेलं नसतं. आपण ज्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो, तसं हिवाळ्यातलं टोकियो हिमाच्या छायेत येतं.

हे यंत्र किती जबरदस्त आहे ते एका आकड्यावरून कळेल. शिगा प्रांतातल्या इबुकी डोंगरावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी साचलेल्या हिमाची खोली ११.८२ मीटर मोजली गेली. तीन-चार मजली इमारत सहज गाडली जाईल. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचं साप्पोरो हे तर सुमारे वीस लाख वस्तीचं शहर. तिथे एका हिवाळ्यात एकूण जवळपास पाच मीटर हिम पडतं. एवढ्या मोठ्या शहरावर इतकं हिम पडण्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. (हा आकडा पूर्ण मोसमाच्या बेरजेचा आहे. एका वेळी पाच मीटरचा थर उभा नसतो, कारण हिम स्वतःच्या वजनाने दबत जातं.)

जपानच्या निम्म्याहून थोड्या जास्त भूभागाला कायद्यानेच ‘अतिहिम प्रदेश’ ठरवलेलं आहे. त्यासाठी १९६२ साली खास कायदा झाला. आपल्याकडे दुष्काळी तालुके जाहीर होतात, तसंच हे.

उत्सव जन्मला तो हिमाच्या उकिरड्यावर

आता उत्सवाकडे येऊ, आणि या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथेच आहे.

हिमाच्या गावात राहणाऱ्यांसाठी हिम ही मौज नसते. सकाळी उठून दारातलं हिम उपसल्याशिवाय कामाला जाता येत नाही. छपरावर साचलेलं हिम उतरवलं नाही तर घर खचतं. या कामाला तिथे ‘युकिओरोशी’ म्हणतात आणि ते करताना छपरावरून पडून किंवा घसरलेल्या हिमाखाली सापडून आजही दरवर्षी कितीतरी माणसं दगावतात. त्यात म्हातारी माणसं जास्त, कारण तरुण शहरात गेलेले असतात. उपसलेलं हिम टाकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. शहरात त्यासाठी जागा ठरवाव्या लागतात.

साप्पोरोच्या मधोमध ओदोरी नावाचा लांबलचक बगीचा आहे, सुमारे दीड किलोमीटरचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हिवाळ्यात तिथे आजूबाजूचं हिम आणून टाकलं जायचं. देश हरलेला, लोक खचलेले, त्यात हिवाळा लांब. १९५० साली शहरातल्या शाळकरी मुलांनी त्या ढिगाऱ्यांच्या जागी सहा हिममूर्ती बनवल्या. गंमत म्हणून पाहायला सुमारे ५० हजार लोक लोटले. आज जगभर गाजणारा ‘साप्पोरो युकी मात्सुरी’ तो हाच. मात्सुरी म्हणजे उत्सव, जत्रा.

त्याच फेब्रुवारीत, ४ तारखेला, पार दूर निइगातातल्या त्या तोकामाचीतही लोकांनी पहिला हिमोत्सव भरवला होता. हिमाशी मैत्री करू, हिमाचा आनंद घेऊ, हे त्यांचं म्हणणं होतं. तोकामाची हे किमोनोच्या कापडाचं गाव. त्यामुळे तिथे पुढे हिमाचा भलामोठा रंगमंच बांधून त्यावर गाणी, नाच आणि किमोनोचे कार्यक्रम व्हायला लागले. गावातल्या वाड्यावस्त्या आपापल्या हिममूर्ती घडवतात आणि एकमेकांशी चुरस करतात. कुणाची मूर्ती मोठी, कुणाची सुबक, यावर होणाऱ्या चर्चा ज्यांनी गणपतीत गल्लीबोळांतून ऐकल्या आहेत, त्यांना तोकामाचीत परकं वाटणार नाही.

साप्पोरोचं रूप बदललं ते १९५५ मध्ये. त्या वर्षी जवळच्या माकोमानाई तळावरचे स्वसंरक्षण दलाचे, म्हणजे जपानच्या सैन्याचे, जवान कामाला आले आणि मूर्ती एकदम इमारतीएवढ्या झाल्या. १९७२ साली साप्पोरोत हिवाळी ऑलिंपिक झालं आणि टीव्हीमुळे उत्सव जगाला कळला. १९७४ पासून परदेशी संघांची स्पर्धा सुरू झाली. २०१९ च्या उत्सवाला २७ लाखांहून जास्त माणसं आली. शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त!

आत सांगाडा नसतो? मग उभं कसं राहतं?

मोठ्या मूर्तीचा मुख्य देह हिमाचाच असतो. हे कसं जमतं ते पुन्हा गोळेवाल्याकडून शिकू.

तो मूठभर कीस घेतो, काडी खुपसतो आणि तळहातात दाबतो. दोन सेकंदांत त्या भुग्याचा घट्ट गोळा होतो आणि काडीवर टिकतो. त्यात गोंद नाही, चिकट काही नाही. फ्रीजमधले बर्फाचे तुकडे वाटीत काढून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवले तर काही दिवसांनी ते एकमेकांना चिकटलेले मिळतात, हा अनुभव तर घराघरात असतो. त्या दिवसांत वाटी फ्रीजरच्या बाहेर आलेलीच नसते, म्हणजे काही वितळलंही नाही. तरी ते जुळले.

याला सिंटरिंग म्हणतात. एकमेकांना टेकलेले कण पूर्ण न वितळताच जोडले जाणं, एवढाच त्याचा अर्थ. कुंभार कच्चं मडकं भाजतो तेव्हा मातीचे कण असेच सांधले जातात. मातीला त्यासाठी भट्टी लागते. बर्फ मात्र शून्य अंशाच्या खाली चार-पाच अंशांवरही स्वतःच्या वितळण्याच्या इतका जवळ असतो, की त्याच्यासाठी ती थंडीच भट्टीसारखी ठरते. पृष्ठभागावरचे रेणू हलत राहतात आणि जिथे दोन कण टेकले आहेत त्या खोबणीत जाऊन बसतात. तिथे बारीकशी मान तयार होते. तासागणिक ती जाड होत जाते.

म्हणूनच जास्त थंडी म्हणजे जास्त चांगली मूर्ती, असं होत नाही. उणे तीस अंशांतलं हिम कोरड्या वाळूसारखं असतं, मुठीत धरलं तर सुटून जातं. साप्पोरोत फेब्रुवारीचं सरासरी तापमान शून्याच्या खाली दोन-तीन अंश असतं. हिम दाबलं की बसतं आणि बसलं की टिकतं. हे शहर मूर्तीसाठी जणू मोजून ठेवलेलं आहे.

प्रत्यक्ष काम असं चालतं. आधी नकाशे आणि छोटी प्रतिकृती तयार होते. जानेवारीच्या सुरुवातीला बगीच्यात लाकडी फळ्यांचे मोठे चौकोनी साचे उभे राहतात, स्लॅब ओतताना आपण सेंट्रिंग बांधतो तसे. हिम शहराबाहेरच्या स्वच्छ जागांवरून येतं. रस्त्यावरचं चालत नाही, कारण त्यात माती आणि खडे असतात. एक खडा आत राहिला तरी ऊन पडल्यावर तो तापतो आणि भोवती खड्डा पडतो. पाच टनी ट्रकांच्या हजारो खेपा होतात. हिम साच्यात टाकायचं, पायाने तुडवायचं, पुन्हा टाकायचं, पुन्हा तुडवायचं. तुडवून हवा निघून जाते आणि जिथे शंभर किलो हिम मावायचं त्याच जागेत चारशे-पाचशे किलो बसतं. मग त्याला काही दिवस तसंच मुरू देतात.

फळ्या काढल्यावर समोर पांढरा ठोकळा उभा असतो. मचाण बांधून माणसं वरून खाली कोरत येतात. आधी कुऱ्हाड आणि फावडं, मग छिन्नीसारखी हत्यारं, शेवटी तासण्या. बारीक भाग, म्हणजे बोटं, खिडक्यांच्या चौकटी, मुकुट, हे वेगळे बनवून आणतात. ते चिकटवायला हिमात पाणी कालवून लगदा करतात. तो लावून भाग दाबून धरायचा. थोड्या वेळात गोठून सांधा पक्का होतो. इडलीच्या पिठाएवढा दाट लगदा असावा लागतो. पातळ झाला तर ओघळतो, घट्ट झाला तर धरत नाही. सगळ्यात शेवटी वरून शुभ्र स्वच्छ हिमाचा हात फिरवतात. त्याला जपानीत ‘केशो-युकी’ म्हणतात. केशो म्हणजे साजशृंगार. भिंतीला शेवटचा चुन्याचा हात द्यावा तसं हे काम असतं.

हे सगळं करायला महिनाभर लागतो. सर्वांत मोठ्या मूर्ती पंधरा मीटरपर्यंत उंच होतात. मागे सांगितलेले जवान आजही मोठी कामं करतात आणि त्यांच्या जोडीला नागरिकांचे गट असतात. सुटीच्या दिवशी येऊन हिम तुडवणारी ही साधी माणसं असतात.

मूर्ती वितळत नाही का?

वितळते. रोज थोडी वितळते, आणि रात्री माणसं येऊन डागडुजी करतात. पण आपल्याला वाटतं तितकी भराभर नाही, कारण आत भरपूर हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. गोधडी ऊब देते ती कापडामुळे कमी आणि थरांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे जास्त. हिमही तसंच. वरचा थर उन्हात ओलावतो, पण आतल्या गाभ्यापर्यंत ऊन पोचायला वेळ लागतो. शिवाय पांढऱ्या पृष्ठभागावरून बराच प्रकाश परत फिरतो.

उन्हापेक्षा पाऊस वाईट. हिवाळी पावसाचं पाणी आत झिरपतं आणि कणांच्या त्या माना सोडवतं. तसंच दिवस उबदार आणि रात्र गार असं चक्र चाललं की मूर्ती हळूच झुकायला लागते. २०१२ साली उत्सवात एक मूर्ती कोसळून एक महिला जखमी झाली. असा धोका असतो, म्हणून उत्सव संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी यंत्रं येतात आणि मोठ्या मूर्ती पाडल्या जातात. हे पाडणं पाहायलाही लोक जमतात. काल ज्या राजवाड्यावर रंगीत दिवे नाचत होते त्याच्या भिंतीत लोखंडी पंजा शिरतो आणि आतून दिसतं ते नुसतं पांढरं, घट्ट, दाबलेलं हिम.

निळा बर्फ कुठला?

काही फोटोंमध्ये गुहा आणि मनोरे निळसर दिसतात. दिवे लावून केलेला रंग असेल असं वाटतं. रात्री दिवे असतातही, पण दिवसा दिसणारा निळा रंग बर्फाचा स्वतःचा असतो.

साप्पोरोपासून जवळच चितोसे शहराच्या हद्दीत शिकोत्सु सरोवर आहे. ज्वालामुखी खचून झालेलं, साडेतीनशे मीटरहून खोल, आणि पाणी इतकं नितळ की जपानमध्ये त्याची गणना सर्वांत स्वच्छ सरोवरांत होते. खोलीमुळे ते हिवाळ्यात सहसा गोठत नाही. त्याच्या काठावर भरणाऱ्या बर्फाच्या उत्सवात हिम तुडवत नाहीत. सांगाडे उभे करतात आणि सरोवराचं पाणी पंपाने खेचून त्यांच्यावर दिवसरात्र फवारतात. थरावर थर गोठत जातात आणि भिंती तयार होतात. म्हणजे ‘आत सांगाडा असतो का’ या प्रश्नाचं उत्तर इथे ‘हो’ आहे.

निळेपणाचं कारण असं. पाणी आणि बर्फ दोन्ही प्रकाशातला तांबडा भाग किंचित शोषून घेतात. पेलाभर पाण्यात ते जाणवत नाही. जाड, सलग, बुडबुडे नसलेल्या बर्फातून प्रकाश लांबवर गेला की तांबडा गळतो आणि निळा उरतो. हिमात प्रकाश आत शिरण्याआधीच विखुरतो, म्हणून ते पांढरंच राहतं.

साप्पोरोतच सुसुकिनो भागात बर्फाच्या लाद्यांपासून कोरलेल्या मूर्ती मांडतात. जपानी कारखान्यातली पूर्ण लादी १३५ किलोची असते. पाणी अगदी सावकाश आणि ढवळत गोठवलं की बुडबुडे बाहेर पडतात आणि लादी काचेसारखी होते. सुसुकिनोतल्या काही लाद्यांत खेकडे, मासे अख्खे गोठवलेले असतात, जणू काचेच्या पेटीत पोहता पोहता थांबलेले. मुलं तिथून हलत नाहीत.

गर्दीपासून दूर: योकोतेची हिमकुटी

साप्पोरो भव्य आहे, पण मला मनापासून ओढ वाटते ती अकिता प्रांतातल्या योकोते गावाची. तिथला ‘कामाकुरा’ हा उत्सव सुमारे ४५० वर्षांचा मानला जातो. दरवर्षी १५ आणि १६ फेब्रुवारीला गावात हिमाच्या पोकळ कुट्या उभ्या राहतात. साधारण माणसाच्या दीडपट उंच, घुमटासारख्या. आधी हिमाचा ढीग रचून, तुडवून काही दिवस ठेवतात आणि मग आतून पोखरतात. गावात हे काम करणारे कसलेले कारागीर आहेत.

आत समोरच्या भिंतीत कोनाडा कोरलेला असतो. त्यात जलदेवतेचं स्थान, पुढे नैवेद्य. जमिनीवर चटई, मध्ये कोळशाची शेगडी, शेगडीवर तांदळाच्या चिकट पिठाचे ‘मोची’ फुगताहेत. भोवती जाड जाकिटं घातलेली मुलं बसलेली असतात. बाहेरून कुणी डोकावलं की ती त्यांच्या गावच्या बोलीत हाक मारतात, ‘हाइत्ते तान्से’, म्हणजे आत या ना. ‘ओगान्दे तान्से’, देवाला नमस्कार करा. आत गेलं की हातात अमाझाकेची वाटी येते. तांदळाची गोडसर, दाटसर, गरम पेज म्हटलं तर चालेल. बूट काढून चटईवर बसायचं, पेज प्यायची, मुलांशी चार शब्द बोलायचे आणि पुढच्या कुटीत जायचं.

शेगडी पेटलेली असूनही कुटी वितळून कोसळत नाही, कारण तीच गोधडी. आतली भिंत जराशी ओलावते, पुन्हा गोठते आणि गुळगुळीत होते. नदीकाठी हजारो वीतभर कुट्या करून प्रत्येकीत मेणबत्ती लावतात. १९३६ साली जर्मन वास्तुरचनाकार ब्रुनो टाउट हे पाहायला आले आणि भारावून गेले.

जलदेवता कशासाठी, असं कुणी विचारेल. या डोंगरांवर साचलेलं हिम वसंतात वितळतं आणि भातखाचरांत येतं. जपानमध्ये नावाजलेला निइगातातला उओनुमा भागातला तांदूळ याच पाण्यावर पिकतो. दहा सेंटीमीटर ताजं हिम वितळलं की साधारण एक सेंटीमीटर पाणी मिळतं. मीटर मीटर हिमाचा डोंगर म्हणजे धरणाशिवाय साठवलेलं धरण. पावसाने गावं वाहून जातात आणि तरीही पावसाची वाट पाहणारा कोकणातला शेतकरी योकोतेच्या माणसाला लगेच समजून घेईल.

एवढा पैसा यावर घालवणं बरोबर आहे का?

हा आक्षेप जपानमध्येही घेतला जातो, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. साप्पोरो शहर नुसतं हिम हटवण्यासाठी अलीकडे वर्षाला दोन हजार कोटी येनहून जास्त खर्च करतं. त्यात उत्सवाचा एकही येन नाही. म्हणजे हिम हा आधीच या शहराच्या तिजोरीवरचा मोठा भार आहे. उत्सवामुळे ऐन मंदीच्या महिन्यात हॉटेलं, खाणावळी, दुकानं, टॅक्सीवाले यांना काम मिळतं. होक्काइदोत पूर्वी पर्यटक उन्हाळ्यातच यायचे. हिवाळा रिकामा जायचा. तो हंगाम उत्सवांनी उभा केला.

दुसरा आक्षेप जवानांबद्दलचा. सैनिकांनी मूर्ती का घडवाव्यात? दलाच्या दृष्टीने हे हिमात बांधकाम करण्याचं शिक्षणही आहे. तरी त्यांच्यावरचा भार कमी होत गेला. माकोमानाई तळावर भरणारा उत्सवाचा भाग २००५ नंतर बंद झाला. मला वाटतं ते योग्यच झालं, कारण उत्सवाचं मूळ शाळकरी मुलांच्या हातात होतं, आणि नागरिकांच्या लहान मूर्तींत ते आजही दिसतं.

आणि तिसरा, जो आपल्याकडून हमखास येतो: पाडायचंच तर बांधायचं कशाला? दहा दिवसांच्या गणपतीचं विसर्जन करणाऱ्या आपल्या समाजाला याचं उत्तर वेगळं सांगायला नको.

हिमच पडलं नाही तर?

ही चिंता आता खरी आहे. २०२० च्या हिवाळ्यात साप्पोरोत हिम इतकं कमी पडलं की मूर्तींसाठी ते नेहमीपेक्षा खूप दूरवरून आणावं लागलं. त्यानंतर कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ मध्ये बगीच्यात उत्सव भरलाच नाही. २०२३ साली तो परतला.

तापमान वाढतंय तर हिम सरळ कमी होत जाईल, असं वाटणं साहजिक आहे. गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. समुद्र उबदार झाला की वारा जास्त वाफ उचलतो. हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे जिथे थंडी अजून पुरेशी आहे अशा उंच आणि आतल्या भागांत एकाच झटक्यात प्रचंड हिम कोसळण्याचे प्रसंग वाढू शकतात, आणि किनाऱ्यालगत त्याच वेळी नुसता पाऊस पडेल. वर्षाची बेरीज कमी, पण एकेक तडाखा मोठा. आपल्याकडे पावसाचे दिवस कमी होऊन ढगफुटीसारखे प्रसंग वाढताहेत, त्याचंच हे हिवाळी भावंड.

याहून मोठी टंचाई मला माणसांची वाटते. हिम तुडवायला, कुट्या पोखरायला हात लागतात आणि हिमाच्या गावांतली तरुण पिढी कमी होत चालली आहे. ओतारू या बंदराच्या गावाने यावर एक सुंदर वाट काढली. तिथे १९९९ पासून फेब्रुवारीत जुन्या कालव्यावर मासेमारीच्या जाळ्याला बांधायचे काचेचे गोल तरंगत सोडतात आणि त्यात मेणबत्त्या लावतात. काठाला हिमाचे छोटे दिवे असतात. या दिव्यांसाठी परदेशातून, विशेषतः शेजारच्या कोरियातून, स्वयंसेवक येतात आणि गावकऱ्यांबरोबर गुडघाभर हिमात उभे राहून वाती पेटवतात.

मग ते सगळं हिम जातं कुठे?

ओदोरीतल्या पाडलेल्या मूर्तींचं हिम वसंतापर्यंत वितळून जातं. पण अलीकडे हिम जपून ठेवण्याचीही एक युक्ती जोर धरते आहे. मोठा ढीग करायचा आणि वर लाकडाच्या चुऱ्याचा किंवा जाड आच्छादनाचा थर द्यायचा. लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळून ठेवतात, तोच हिशेब. निइगातात अशा हिमाच्या कोठारांत तांदूळ आणि भाज्या महिनोन्‌महिने ताज्या ठेवतात.

साप्पोरोला जाणारे बहुतेक प्रवासी शिन-चितोसे विमानतळावर उतरतात. तिथे विमानं उभी राहतात त्या आवारातून हिवाळ्यात काढलेलं हिम फेकून देत नाहीत. त्याचा डोंगर करून झाकून ठेवतात आणि उन्हाळ्यात त्या वितळत्या हिमाच्या गारव्याने इमारत थंड करतात. २०१० पासून हे चालू आहे. जुलैच्या दुपारी कुणी तिथे उतरलं, तर चेहऱ्यावर येणाऱ्या वाऱ्याच्या झुळकीत थोडा फेब्रुवारी असतो.